जेथे टाळ वाजतो तेथे चोपदार जातो

सज्जनहो, चार माणसे एकत्र आली की दोन मते व्हायचीच. आणि सप्ताहाची बैठक असेल तर माणसे थोडी, मतेच फार! याचा खेद करण्याचे कारण नाही. मतभेद हा दोष नव्हे. तो मिटवावा कसा हे न कळणे हा दोष. तेवढाच विषय आज घेऊ.

न्यायशास्त्रात चर्चेला ‘कथा’ म्हणतात व तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वाचा निर्णय व्हावा म्हणून दोघे बोलतात तो ‘वाद’. केवळ जिंकावे म्हणून बोलतात तो ‘जल्प’. आणि स्वतःचे काही न मांडता समोरच्याचे तेवढे खोडीत बसणे ती ‘वितंडा’. बोलीत आपण ‘वाद’ म्हणजे भांडण समजतो. शास्त्रात मात्र तिघांत चांगला तोच!

परंतु गावच्या बैठकीत आणखी तीन स्वभाव भेटतात. एक जण बैठकीत गप्प बसतो आणि सगळे उठल्यावर पारावर बोलतो. दुसरा म्हणतो, “तुमचं तेच माझं,” आणि कामाच्या दिवशी फिरकत नाही. तिसरा प्रत्येक गोष्टीचे दोन तुकडे करून निम्मे निम्मे वाटतो. तंटा मिटल्यासारखा दिसतो, पण समाधान कोणाचेच होत नाही.

हे सर्व आम्ही खंडाळा तालुक्यातील एका गावी एकाच रात्री पाहिले. सप्ताहाची बैठक होती. पूर्वी शेतकरी माणूस विण्याच्या पहाऱ्याला केव्हाही उभा राही. आता घरटी एक पोरगा शिरवळच्या कारखान्यात पाळीवर जातो. तरुण म्हणाले, सप्ताह तीन दिवसांचा करा. वडीलधारे म्हणाले, सात म्हणजे सातच. कोणी म्हणाले, बरं, पाच करा! आम्हांस मध्यस्थ नेमले होते. रात्र फार झाली, दुसरे दिवशी दुसऱ्या गावी कीर्तन होते. आम्ही हात वर करावयास सांगितले, मोजले, आणि सात दिवस जाहीर करून मोकळे झालो.

सप्ताह झाला. पण पाचव्या रात्री पहाऱ्याला कोणी आले नाही, आणि एक म्हातारे गृहस्थ मध्यरात्रीपासून काकड्यापर्यंत एकटे विणा गळ्यात घेऊन उभे राहिले. अखंड सप्ताहात विणा खाली ठेवायचा नसतो. पहाटे त्यांचे पाय थरथरताना आम्ही पाहिले. मते मोजली होती. मने विचारली नव्हती. ही चूक आमची.

अहो, हे आम्ही वारकऱ्यांनी विसरावे, याचीच लाज वाटते. कारण उपाय दरवर्षी आपल्या दारावरून जातो. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते व आपल्याच तालुक्यात लोणंदला मुक्काम करते. हा सोहळा शिस्तीत बसविला तो याच जिल्ह्यातील आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते शिंद्यांच्या पदरी लष्करात राहिलेले. लष्करी माणसाने तक्रारीसाठी काय सोय ठेवली, ती मुक्कामाच्या समाजआरतीला उभे राहून पाहावी.

सगळ्या दिंड्या टाळ वाजवीत पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदार चोप उंच करतो. एकदम शांतता! पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, कोणी क्रम मोडला असेल, पाणी मिळाले नसेल, तर ती दिंडी टाळ थांबवीत नाही. मग चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, त्याची दाद लावतो. तो टाळ थांबला की हरवले-सापडले व उद्याच्या निघण्याची वेळ पुकारतात, आणि मग आरती होते.

यातले मर्म असे. ज्याला दुखते त्याने पाठीमागे कुरकुर करायची नाही. सर्वांदेखत टाळ वाजवायचा. तो ऐकू यावा म्हणून बाकीच्यांनी आपला टाळ थांबवायचा. अधिकाऱ्याने गाऱ्हाणेवाल्याला बोलावून घ्यायचे नाही. आपण चालत त्याच्यापाशी जायचे. आणि दाद लागल्यावर त्याने टाळ थांबवायचा.

पुढील वर्षी त्याच गावी आम्ही ही रीत धरली. ज्याची हरकत त्याने बोलावे, तोवर इतरांनी गप्प राहावे. तेव्हा कळले की तंटा दिवसांचा नव्हताच. वडिलांना भीती होती, विणा खाली जाईल. पोरांना भीती होती, पाळी बुडेल, पगार जाईल. पाठीमागे बायकांचे भजनी मंडळ बसले होते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. त्या म्हणाल्या, “दुपारचा पहारा आमच्याकडं द्या की!” रात्रपाळीवाल्यांनी सकाळ घेतली, पहिल्या पाळीवाल्यांनी संध्याकाळ. दिवस सातच राहिले. एका वृद्धांना बायकांनी विणा घेणे रुचले नाही. ते म्हणाले, “माझं मन अजून मानत नाही. पण माझं ऐकलंत. आता माझा टाळ थांबला.” एकमत म्हणजे सर्वांना सारखेच आवडणे नव्हे, ते हे असे असते.

शंका: प्रत्येकाचे ऐकत बसले तर काम व्हायचे केव्हा?

समाधान: समाजआरती काही रात्रभर चालत नाही. ऐकण्यास लागतो तो वेळ थोडाच. न ऐकल्याने जातो तो फार. आम्ही वाचविलेला अर्धा तास त्या म्हाताऱ्यांच्या पायांनी भरून दिला.

आणि न ऐकलेल्या टाळाचे मोल केवढे, हे पंढरीनेच दाखविले आहे. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. त्यांच्यामागून सहाशे वर्षे त्यांचे बांधव बाहेरच उभे राहिले. साने गुरुजी त्यासाठी महाराष्ट्रभर हिंडले, आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणाला लावून उपोषणास बसले. तेव्हा विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले झाले. त्या वेळी आपल्या संप्रदायातही एकमत नव्हते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. समतेचे कीर्तन आत रंगत होते आणि बाहेरचा टाळ आम्हांस ऐकू येत नव्हता. आतल्यांचे एकमत होते, म्हणून ते सर्वांचे झाले असे नव्हे.

तात्पर्य: पुढच्या बैठकीला जाल तेव्हा हात मोजण्याआधी क्षणभर आपला टाळ थांबवा आणि कान द्या. कोठे वाजत असेल तर उठून तिकडे जा. तोवर आरतीची घाई नको.

रामकृष्ण हरी.