हिरवळीवरचे नाणे : गोल्फच्या पटिंग ग्रीनवरील नियम व शिष्टाचार

दूरचित्रवाणीवर गोल्फ पाहताना आकाशात झेपावणारा चेंडूच डोळ्यांत भरतो. गुणपत्रिकेचा हिशेब मात्र निराळा आहे. पार 72 च्या मैदानावर अठरा होलसाठी प्रत्येकी दोन, म्हणजे 36 फटके पटिंगसाठी गृहीत धरलेले असतात. याचा अर्थ, निम्मा खेळ होलभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर, पटिंग ग्रीनवर होतो. होलचा व्यास अवघा 108 मिलिमीटर. आणि क्लबच्या नेहमीच्या खेळात चूक दाखवून देण्यास तेथे पंचही नसतो. आपला दंड आपणच जाहीर करावयाचा, ही या खेळाची रीत आहे.

तंजावूरच्या कावेरीकाठच्या भातशेतीच्या मुलखात गोल्फची परंपरा नाही. तमिळनाडूत हा खेळ रुजला तो मद्रासमध्ये आणि उदकमंडलम, कोडाईकनाल येथील थंड डोंगरांवर. सुट्टीत तेथे जाणाऱ्या किंवा व्यवसायानिमित्त एखाद्या क्लबचे निमंत्रण आलेल्या वाचकास फटका जमला नाही तर कोणी नावे ठेवणार नाही. ग्रीनवर कसे वागावे हे मात्र ठाऊक असावे, अशी यजमानाची अपेक्षा असते.

ग्रीनवर चेंडू उचलून पुसण्याची मुभा आहे. मात्र उचलण्यापूर्वी चेंडूच्या अगदी मागे किंवा अगदी शेजारी नाणे किंवा तत्सम खूण ठेवावी लागते. खूण न करता चेंडू उचलला, की एका फटक्याचा दंड. नंतर चेंडू मूळ जागी ठेवायचा आणि मगच नाणे उचलायचे. आपले नाणे दुसऱ्याच्या मार्गात येत असेल, तर त्याच्या विनंतीवरून ते पटरच्या डोक्याइतक्या अंतरावर बाजूला सरकवावे. ते परत आणण्याचे विसरून खेळल्यास चुकीच्या जागेवरून खेळल्याबद्दल दोन फटक्यांचा दंड होतो. आमच्या रोखपालांना हा क्रम चटकन पटावा : आधी नोंद, मग उचल.

या क्रमातील ढिलाई किती महाग पडते, हे एप्रिल 2017 मध्ये अमेरिकेतील एएनए इन्स्पिरेशन स्पर्धेत दिसले. तिसऱ्या फेरीत सतराव्या ग्रीनवर लेक्सी थॉम्पसनने खूण करून उचललेला चेंडू मूळ जागेपासून सुमारे इंचभर दूर ठेवला. एका दूरचित्रवाणी प्रेक्षकाने ते ई-मेलने कळवले. दुसऱ्या दिवशी, अखेरच्या फेरीत ती आघाडीवर असताना, चार फटक्यांचा दंड तिला सांगण्यात आला : दोन चुकीच्या जागेबद्दल, दोन चुकीच्या गुणपत्रिकेवर सही केल्याबद्दल. तरीही तिने बरोबरी साधली, परंतु निर्णायक होलवर दक्षिण कोरियाच्या सो यॉन रियूने विजेतेपद मिळवले. 2018 पासून प्रेक्षकांच्या तक्रारी विचारात घेणे बंद झाले, आणि अजाणता सही केलेल्या गुणपत्रिकेचा जादा दंडही गेला. पहिले दोन फटके मात्र आजही लागतील, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

2019 मध्ये नियमांची मोठी फेररचना झाली. पूर्वी ग्रीनवरून मारलेला चेंडू होलमधील ध्वजदंडाला लागला तर दंड होत असे. आता ध्वजदंड तसाच ठेवून पट करता येते. चेंडू किंवा खुणेचे नाणे चुकून हलले तर दंड नाही, पूर्ववत ठेवले की झाले. बुटांच्या खिळ्यांचे ओरखडेही आता खेळण्यापूर्वी दुरुस्त करता येतात. जनावरांच्या खुरांचे ठसेदेखील याच सवलतीत येतात. कोडाईकनालच्या मैदानावर रानगवे चरावयास येतात, तेव्हा ही तरतूद तेथे केवळ कागदावरची नव्हे!

उंचावरून पडलेल्या चेंडूने ग्रीनवर खळगा पडतो. तो प्रत्येकाने आपला आपण बुजवावा. दुरुस्तीचा काटा कडेला खुपसून माती मध्याकडे लोटावी आणि पटरने हलकेच थोपटावे. तळाची माती वर उचकटू नये. त्याने गवताची मुळे तुटतात आणि तेथे वाळका डाग पडतो.

दुसऱ्याचा चेंडू आणि होल यांमधील रेषेवर पाय ठेवू नये, तीवर आपली सावलीही पडू देऊ नये. कोणी पट करीत असताना बोलू नये. मोबाइल बंद असावा हे वेगळे सांगावयास नको. पिशवी किंवा ढकलगाडी ग्रीनवर आणू नये. अगदी जवळचा पट प्रतिस्पर्ध्याने 'दिला' असे म्हणून सोडून देण्याची प्रथा एकास एक सामन्यापुरतीच आहे. एकूण फटके मोजण्याच्या स्पर्धेत वीतभर अंतरावरचा चेंडूही होलमध्ये घालावाच लागतो. तो न घालता पुढच्या होलचा खेळ सुरू केल्यास खेळाडू बाद ठरतो. वरिष्ठ अधिकाऱ्यास किंवा मोठ्या खातेदारास येथे सूट नाही.

सर्वांचे चेंडू होलमध्ये गेल्यावर ध्वजदंड परत सरळ लावून ग्रीन लगेच सोडावे. फटक्यांची नोंद पुढच्या होलच्या प्रारंभस्थानी करावी. मागचा गट खोळंबलेला असतो.