कापडावरील गोळ्या व सुताचा पीळ

नवे कापड चार धुण्यांतच बाहीला व कॉलरला बारीक गोळ्या धरते आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन दुकानी येते. दुकानदार धुण्याला दोष देतो. परंतु दोषाचे मूळ बहुधा सुतातच असते.

सूत म्हणजे पिळाने एकत्र बांधलेले आखूड तंतू होत. पीळ सैल असला म्हणजे घर्षणाने तंतूंची टोके वर येतात, कापडाला लव सुटते आणि तीच लव गुंतून गोळी बनते. तंतू जितके आखूड तितकी टोके अधिक. म्हणून लांब तंतूच्या कापसाचे, विंचरून कातलेले सूत गोळ्या कमी धरते. दुपदरी सूतही एकपदरीहून बरे. पीळ वाढविला की चातीवर तेवढ्याच वेळात सूत कमी उतरते व खर्च वाढतो. स्वस्त मालात पीळ कमी का, याचे उत्तर येथेच आहे. (पीळ फार झाल्यास कापड अंगाला कडक लागते, हेही खरे.)

मौज अशी की, तंतूची मजबुतीच येथे आड येते. कापसाचा तंतू त्यामानाने दुबळा, त्यामुळे त्याची गोळी झिजून गळून पडते. १९४१ साली इंग्लंडात शोध लागलेल्या पॉलिएस्टरचा तंतू चिवट. त्याची गोळी सहसा सुटत नाही. मिश्र कापडात कापसाची लवही त्यालाच बिलगून राहते.

घट्ट विणीत टोके दाबून राहतात. साटिनच्या मोकळ्या धाग्यांना तो आधार नसतो.

पोत्यातील मूठभर दाणे पाहिल्यावाचून आम्ही धान्याचा भाव करीत नाही. तागा घेतानाही कापलेल्या टोकाचा बोटभर धागा काढून उलट पिळावा. तो किती वेढ्यांत सुटतो व तंतू किती आखूड निघतात, ते पाहावे.