खोली स्वस्त घे, पण रस्ता बघून

बस जरा माझ्याजवळ आणि शांतपणे ऐक. उल्सानचं ट्रेनिंग संपलं की लगेच परत न येता बुसानला चार रात्री स्वतःच्या खर्चानं राहायचं तू ठरवलंयस, हे आईनं मला सांगितलं. बाबांना काळजी वाटतेय, ती रास्तच आहे. मला मात्र मनापासून आनंद झाला. जनरल मोटर्सनं तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादन २०२० च्या डिसेंबरात थांबवलं, तेव्हा आपल्या वराळ्यात, आंबीत, नवलाख उंबऱ्यात किती घरांची झोप उडाली होती ते तुला आठवत असेल. पुढे २०२३ मध्ये ह्युंदाईनं तो कारखाना घ्यायचा करार केला, २०२४ च्या जानेवारीत व्यवहार पुरा झाला आणि २०२५ मध्ये नवी व्हेन्यू तिथून बाहेर पडायला लागली. त्या गाडीला सुटे भाग देणाऱ्या कंपनीत वराळ्याची मुलगी आहे आणि ती ह्युंदाईच्या मूळ गावाला शिकायला निघालीय, याचं मला फार कौतुक आहे. म्हणूनच तुझ्या त्या चार रात्री नीट पार पडाव्यात असं वाटतं.

पहिली गोष्ट, हॉटेल शोधताना खोलीचे फोटो सगळ्यात शेवटी बघ. आधी नकाशा उघड आणि स्वतःला एकच प्रश्न विचार: रात्री दहा वाजता मी मेट्रोच्या पायऱ्या चढून एकटी वर आले, तर दारापर्यंतचा रस्ता कसा आहे? किती मिनिटं, किती चढ, किती उजेड? ज्या खोलीसाठी या प्रश्नाचं उत्तर चांगलं येईल, ती थोडी लहान असली, खिडकीतून समोरची भिंत दिसत असली, तरी बिनधास्त घे. पाचशे रुपये वाचवायला लांबची खोली घेशील आणि रोज संध्याकाळी सातलाच परत फिरशील, मग बुसान पाहिलंस कुठे?

शहर मोठं आहे हे लक्षात ठेव. सोलच्या खालोखाल, बत्तीस-तेहतीस लाख वस्तीचं, कोरियातलं सगळ्यात मोठं बंदर. समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत ते पसरलंय, त्यामुळे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला तासभर सहज लागतो. स्वस्त हॉटेलांची दाटी मुख्यतः चार ठिकाणी आहे. हेउन्देचा समुद्रकिनारा प्रसिद्ध आहे, पण उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, तिथले दर चढतात आणि बाकीचं शहर तिथून लांब पडतं. नाम्पो-दोंगला जागाल्छीचा मासळीबाजार आणि जुनी बाजारपेठ हाताशी. बुसान स्टेशनजवळ राहिलं तर सोलहून येणारी वेगवान केटीएक्स गाडी दारात, पण स्टेशनसमोरच्या एका जुन्या गल्लीत परदेशी खलाश्यांसाठीचे बार आहेत. एकट्या मुलीला रात्री तिथून चालायला अवघडल्यासारखं होतं.

तुझ्यासाठी मी सॉम्यॉन सुचवेन. तू उल्सानहून येणार. तिथल्या थेह्वागांग स्टेशनवरून बुजॉनला विजेची लोकल सुटते. ही सेवा २०२१ च्या डिसेंबरात सुरू झाली. सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि पुणे-लोणावळा लोकलनं कॉलेज केलेल्या मुलीला ती काय अवघड! बुजॉनहून सॉम्यॉन मेट्रोनं एकच स्टेशन. सॉम्यॉनला मेट्रोच्या एक आणि दोन नंबरच्या लाइन एकमेकींना छेदतात. एक नंबरनं नाम्पो-दोंग, दोन नंबरनं हेउन्दे आणि ग्वांगाल्ली. परतीच्या दिवशी दोन नंबरनंच सासांगला जायचं, तिथून हलक्या मेट्रोनं थेट गिमहे विमानतळ. बॅग घेऊन उगाच वणवण नाही. सॉम्यॉनमध्ये खाण्यापिण्याच्या गल्ल्या रात्री उशिरापर्यंत गजबजलेल्या असतात. त्या गर्दीमुळे मला तिथे सुरक्षित वाटतं. फक्त खोली त्या गल्लीवरच घेऊ नकोस, एक-दोन रस्ते मागे घे, नाहीतर झोप होणार नाही.

नकाशावर अंतर दिसतं, चढ दिसत नाही. बुसानमध्ये हीच मोठी फसगत होते. कोरियन युद्धात, १९५० ते ५३, हे शहर देशाची तात्पुरती राजधानी होतं. लाखो निर्वासित इथे येऊन डोंगरउतारांवर जागा मिळेल तिथे झोपड्या बांधून राहिले. ती वस्ती आजही उभी आहे आणि तिथल्या काही घरांची आता सुंदर, स्वस्त गेस्टहाउस झालीत. खिडकीतून बंदर दिसतं, फोटो बघून मन मोहून जातं. पण बुसान स्टेशनसमोर छोर्यांगला १६८ पायऱ्यांचा एक उभा जिना आहे, आणि तसे जिने त्या उतारांवर जागोजागी आहेत. वीस किलोची बॅग घेऊन एकवीरेच्या पायऱ्या चढायच्या म्हटल्यावर तुला कसं वाटेल, तसंच ते. तेव्हा नेव्हर किंवा काकाओचा नकाशा फोनमध्ये टाक, तिथली माणसं तेच वापरतात, आणि जिथे राहायचं त्या रस्त्याचे फोटो त्यात आधी बघ.

आता जे आईसमोर बोलता येणार नाही ते. कोरियात स्वस्त आणि स्वच्छ खोली बहुतेक वेळा 'मोटेल'मध्ये मिळते. या मोटेलांतल्या खोल्या तिथे जोडप्यांना काही तासांसाठीही भाड्यानं दिल्या जातात. पार्किंगच्या तोंडाशी लोंबणारे पट्ट्यांचे पडदे, काउंटरला छोटीशी खिडकी, जिच्यातून माणसाचा चेहराही धड दिसत नाही, खोलीत मंद रंगीत दिवे, ही त्यांची खूण. घाबरायचं कारण नाही. खूप प्रवासी, एकट्या बायकासुद्धा, तिथे राहतात. पलंग मोठा, बाथरूम स्वतःची, फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या. पण एक गोष्ट बुक करतानाच वाच: चेक-इन किती वाजता? दिवसा खोल्या तासांवर देत असल्यामुळे काही ठिकाणी, खास करून शनिवारी, रात्री नऊ-दहाच्या आधी खोली मिळतच नाही. दमून भागून दुपारी पोचशील आणि बॅगेसकट बाहेर बसशील.

मी म्हणेन, पहिल्या खेपेला मोटेल नको. साधं बिझनेस हॉटेल घे, जिथे काउंटरवर रात्रभर माणूस असतो. तोयोको इनसारखी जपानी साखळी बुसानमध्ये आहे. खोल्या लहान, पण सकाळची न्याहारी भाड्यात धरलेली. साध्या दिवशी चाळीस ते सत्तर हजार वॉनमध्ये बऱ्यापैकी खोली मिळते. दहा हजार वॉन म्हणजे आपले सहाशेच्या वर रुपये, असा हिशेब डोक्यात ठेव. बायकांच्या डॉर्मिटरीतली खाट याच्या निम्म्यातही मिळते, पण चार महिने ट्रेनिंगच्या वसतिगृहात काढल्यावर तुला स्वतःचं दार लागेल. रविवार ते गुरुवार अशा रात्री निवड, शुक्रवार-शनिवारी भाव वाढतो.

आणि हो, तुझ्या लाडक्या बीटीएस बँडचं. जिमीन आणि जंगकूक दोघे बुसानचे हे तू मला इतक्यांदा सांगितलंयस की मलाही पाठ झालंय. पण २०२२ च्या ऑक्टोबरात त्यांचा बुसानला कार्यक्रम होता, तेव्हा तिथल्या हॉटेलवाल्यांनी दर कित्येक पटींनी वाढवले, आधीचं बुकिंग रद्द करून तीच खोली चढ्या भावानं विकल्याच्याही तक्रारी झाल्या. चित्रपट महोत्सव, ग्वांगाल्लीची आतषबाजी असतानाही दर वर जातात. तारखा ठरवण्याआधी शहरात काय आहे ते बघ, आणि निघायच्या दोन दिवस आधी हॉटेलला मेल करून बुकिंग कायम असल्याचं उत्तर मागव.

खोलीत पाऊल टाकल्यावर बॅग उघडण्याआधी पाच मिनिटं दे. मार्च २०१९ मध्ये कोरियन पोलिसांनी एक टोळी पकडली. दहा शहरांतल्या तीस मोटेलांत त्यांनी छुपे कॅमेरे बसवले होते आणि सोळाशेच्या आसपास माणसांचं चित्रीकरण करून ते इंटरनेटवर दाखवत होते. कॅमेरे होते टीव्हीच्या डब्यात, भिंतीच्या सॉकेटमध्ये आणि हेअर ड्रायरच्या खोबणीत. म्हणून पलंगाकडे तोंड करून असलेली प्रत्येक वस्तू जवळून बघ. दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च फिरव, काचेचा ठिपका चमकतो. शंका आली तर संकोच नको, खोली बदलून माग. कोरियात या गुन्ह्याविरुद्ध बायका हजारोंच्या संख्येनं रस्त्यावर उतरल्यात. तू विचारलंस तर कुणी तुला वेडी समजणार नाही.

मग आगीचा जिना कुठे आहे ते स्वतः चालून बघ. हे मी कळकळीनं सांगतेय. ऑगस्ट २०२४ मध्ये सोलजवळच्या बुच्छॉनमध्ये एका हॉटेलला आग लागली, सात माणसं गेली. जुनी इमारत, खोल्यांत पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. ज्या खोलीत आग सुरू झाली, तिथल्या पाहुण्याला एसीतून जळका वास आला होता, म्हणून त्यानं खोली बदलून घेतली होती. रिकाम्या खोलीचं दार उघडं राहिलं आणि धूर मजलाभर पसरला. खोलीत कसलाही जळका वास आला तर खोली बदलून झोपी जाऊ नकोस, कुणीतरी येऊन बघेपर्यंत काउंटरपाशी थांब. तिसऱ्या ते दहाव्या मजल्यापर्यंत खिडकीजवळ पट्टा आणि रीळ असलेली एक पेटी असते. काखेखालून छातीला पट्टा बांधून हळूहळू खाली उतरायचं ते साधन. त्यावरची चित्रं एकदा वाचून ठेव. याच कारणानं 'गोशीवॉन' नावाच्या, खिडकीही नसलेल्या अगदी स्वस्त कोठड्यांत तू राहू नयेस असं मला वाटतं. सोलमधल्या अशाच एका गोशीवॉनला नोव्हेंबर २०१८ मध्ये लागलेल्या आगीतही सात जण गेले.

बाकी राहणं सोपं आहे. दारात चपला काढायच्या, ते तर आपल्याच घरचं वळण. हिवाळ्यात जमीन खालून गरम करतात; भिंतीवरचं बटण कसं चालतं ते काउंटरवर विचारून घे, नाहीतर मध्यरात्री घामाघूम होशील. तळमजल्यालाच ते पहिला मजला म्हणतात आणि चारचा आकडा अशुभ मानून लिफ्टमध्ये पुष्कळदा त्याजागी एफ लिहितात. बाथरूममध्ये शॉवरला पडदा नसला तर सगळी जमीन ओली होते, तिथल्या रबरी सपाता वापर. टूथब्रश, पेस्ट, शाम्पू घरून ने. २०२४ च्या मार्चपासून पन्नास किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलांना या एकदाच वापरायच्या वस्तू फुकट द्यायला बंदी आहे. मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर चालेल, तीन पिनांच्या वस्तूंना अ‍ॅडॅप्टर लागेल.

खाण्याचं काय? तू मासे खातेस, म्हणजे बुसानमध्ये उपाशी राहणार नाहीस. पण तिथला आवडता भात-रस्सा डुकराच्या मांसाचा असतो, आणि संकष्टीला तर किमचीसुद्धा विचारून खा, तिच्यात बहुधा माशाचा किंवा कोळंबीचा खार असतो. त्या दिवसासाठी कोपऱ्यावरच्या जीएस२५ किंवा सीयू दुकानातून शिजवलेल्या भाताचा डबा घे, तिथल्याच मायक्रोवेव्हमध्ये गरम कर आणि आईचं मेतकूट कालव. भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी ने. ताजी फळं, कच्च्या बिया, पेढे मात्र नको, विमानतळावर अडवतील. तुझ्या ट्रेनिंगच्या बाईंना द्यायला लोणावळ्याची शेंगदाणा चिक्की ने. त्यांच्याकडेही दाणे-तीळ पाकात घालून वड्या करतात, त्यांना ती नक्की आवडेल.

वेळ उरला तर परतीच्या दिवशी आधी गिमहे गावात जाऊन ये. हलक्या मेट्रोच्या त्याच मार्गावर, विमानतळाच्या पुढे, सुरो नावाच्या प्राचीन राजाच्या समाधीचं स्टेशन आहे. त्याची राणी समुद्रापलीकडून, अयुताहून, आली अशी 'सामगुक युसा' या जुन्या ग्रंथातली कथा आहे, आणि पुष्कळ कोरियन माणसं अयुता म्हणजे अयोध्या मानतात. तू भारतातून आलीस म्हटल्यावर तिथली एखादी आजी तुझा हात धरून बोलायला लागेल.

फोनमध्ये तीन नंबर टाक: पोलिसांसाठी ११२, आग आणि अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ११९, आणि प्रवाशांच्या मदतीसाठी १३३०, तिथे रात्रंदिवस इंग्रजीत बोलणारं माणूस मिळतं. हॉटेलचा पत्ता कोरियन लिपीत लिहिलेला स्क्रीनशॉट टॅक्सीवाल्याला दाखवायला ठेव, आणि तोच खोलीच्या नंबरासकट मलाही पाठव. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. रात्री अकराला फिरून परतलीस तरी इथे साडेसातच वाजलेले असतील, बाबा जेवायचे असतील. तेव्हा रोज त्याच वेळेला घरी फोन कर, आणि पहिल्या रात्री व्हिडिओवर बाबांना दाराची आतली कडी दाखव.