अनारसे कां हसतात?

विद्यार्थिमित्रहो, अनारसा हसतो हें तुम्हांस ठाऊक आहे काय? तुपाच्या कढईंत सोडलेला अनारसा बघतां बघतां विरघळून त्याचा चुरा तुपावर पसरला, म्हणजे आमच्याकडील बायका ‘अनारसा हसला’ असें म्हणतात. अनारसा हसला कीं करणारणीस मात्र रडूं येतें. तो कां हसतो याचा शोध लावण्यांत आमच्या घरीं तब्बल पांच वर्षें गेलीं. त्या शोधाची हकीकत व तिच्या अनुषंगानें जें थोडेंसें शास्त्र आम्हांस समजलें तें येथें सांगावें, असा आमचा विचार आहे. पालकमंडळींपैकीं ज्या गृहिणी या कलेंत निष्णात असतील त्यांस यांत नवें कांहीं आढळणार नाहीं. त्यांनीं आमची फजिती वाचून आपली करमणूक करून घ्यावी.

आमची आजी वाईस राहत असे. १९४७ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, ती लग्न होऊन त्या घरांत आली आणि २०१४ सालीं त्याच घरांत तिनें देह ठेवला. तिच्या हातचे अनारसे सर्व आळींत प्रसिद्ध होते. तांबूस रंग, वर खसखशीची दाट पेर, कडा कुरकुरीत, मधला भाग मऊ, आणि जाळी अशी कीं अनारसा उजेडाकडे धरून आम्ही मुलें त्यांतून एकमेकांकडे पाहत असूं. कित्येक घरीं अनारसे दिवाळीच्या फराळांत असतात. आमच्या घरीं मात्र ते केवळ अधिक महिन्यांत होत, व ही एक गोष्ट पुढें आमच्या आड आली.

अधिक महिना कां येतो हें तुम्हीं भूगोलाच्या तासास शिकलां असाल. चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें व सौर वर्ष सुमारें ३६५ दिवसांचें. हें अकरा दिवसांचें अंतर सांचत जाऊन साधारणतः साडेबत्तीस महिन्यांनीं एक महिना जास्त धरावा लागतो. एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात. यालाच पुरुषोत्तममास किंवा मलमास म्हणतात. खेड्यांतील लोक ‘धोंड्याचा महिना’ म्हणतात व पुरण भरलेले धोंडे करून जावयास जेवूं घालतात. शहरगांवीं जावयास तेहतीस अनारसे देण्याची चाल आहे. दान द्यावयाचा पदार्थ सच्छिद्र असावा असा संकेत आहे, म्हणून अनारसे नसतील तर बत्तासे किंवा म्हैसूरपाक देतात. आतां थोडें गणित करा. १९४७ पासून २०१२ पर्यंत पासष्ट वर्षें झालीं. एकोणिसास सात, तर पासष्टांस किती? सुमारें चोवीस. म्हणजे ज्या विद्येबद्दल आजीची एवढी ख्याति, ती विद्या तिनें उभ्या आयुष्यांत चोवीसच वेळां चालविली! तिच्या सुनेस, म्हणजे आमच्या मातोश्रींस, तिच्या शेजारीं बसावयास मिळालें तें याहूनही कमी; आणि त्यांतही आजी त्यांना खसखस निवडावयास बसवीत असे.

तिची कृति अशी होती. जुना, जाडा तांदूळ धुऊन तीन दिवस पाण्यांत भिजत घालावा. पाणी रोज सकाळीं बदलावें. चौथ्या दिवशीं तांदूळ रोळींत उपसून धोतरावर सावलींत पसरावा व पुरता वाळण्यापूर्वींच उचलून उखळांत कुटावा. बारीक चाळणीनें चाळून त्या ओलसर पिठांत किसलेला गूळ व चमचाभर तूप घालावें. पाण्याचा एक थेंबही घालूं नये. सर्व एकजीव करून गोळा बरणींत दाबून ठेवावा. पांचसहा दिवसांनीं गोळा काढून, केळ्याची एक फोड किंवा दुधाचा हबका लावून मळावा; केळीच्या पानावर खसखस पसरून तीवर लहानशी गोळी बोटांनीं थापावी; आणि मंद आंचेवर, खसखशीची बाजू वर ठेवून, तुपांत सोडावी. अनारसा उलटावयाचा नाहीं. झाऱ्यानें वरून तूप उडवीत राहावें व तांबूस होतांच काढून चाळणींत उभा ठेवावा, म्हणजे तूप निथळून जातें.

हें सर्व मातोश्रींच्या वहींत लिहिलेलें होतें. प्रमाणाच्या जागीं चारच शब्द होते : ‘पीठ व गूळ बरोबरीनें’.

२०१५ च्या वैशाखांत आमच्या धाकट्या भगिनीचा विवाह झाला आणि लागलाच आषाढ अधिक आला. आजी नाहीं, तरी तिच्या नातजांवयास तिचेच अनारसे द्यावयाचे, असा मातोश्रींचा निश्चय. बाहेर पावसाची झड लागलेली. तांदूळ पंख्याखालीं पसरला तरी दमटच राहिला. मिक्सरमध्यें दळला तो चाळणीस चिकटूं लागला. वाटीनें मापून बरोबरीनें गूळ घातला. पांच दिवसांनीं पहिली गोळी तुपांत गेली आणि खदखदून हसली. दुसरी हसली, तिसरी हसली. सुमारें शेरभर साजूक तूप काळें झाल्यावर मातोश्रींनीं चूल बंद केली व पदरानें डोळे पुसले. जांवईबापूंस हलवायाकडील म्हैसूरपाक दिला. ते बिचारे ‘उत्तम आहे’ म्हणाले. पण त्या दिवशीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. आजीबरोबर आपल्या घरांतून एक वस्तु कायमची गेली, हें त्या दिवशीं आम्हां सर्वांस प्रथम जाणवलें.

२०१८ सालीं ज्येष्ठ अधिक होता. मागची चूक ओलाव्याची होती असें ठरवून आम्हीं तांदूळ उन्हाळ्याच्या वाऱ्यावर चांगला खडखडीत वाळविला. या वेळीं अनारसे हसले नाहींत. ते गंभीर राहिले. जाळी नाहीं, फुलणें नाहीं. दांतांखालीं खड्यासारखे लागले. हसरे व गंभीर असे दोन्ही प्रकार पाहिल्यावर यामागें कांहीं नियम असला पाहिजे अशी आमची खात्री झाली व आम्ही शाळेंतील विज्ञानाच्या पुस्तकांकडे वळलों.

जें समजलें तें थोडक्यांत असें. तीन दिवस भिजण्यानें दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी पोंचतें व दाणा इतका मृदु होतो कीं तो बोटांत चुरडतो. म्हणूनच पीठ बारीक येतें. याच काळांत दह्यांत असतात त्या जातीचे सूक्ष्म जीव पाण्यांत वाढून किंचित् आंबटपणा आणतात. पाणी बदललें नाहीं तर दुर्गंधि सुटते. गूळ हा हवेंतील व पिठांतील ओलावा ओढून घेणारा पदार्थ आहे. पिठांतील ओल शोषून तो पाघळतो व पिठास बांधून टाकतो. म्हणूनच वेगळें पाणी लागत नाहीं. बरणींतील गोळा टिकतो तोही यामुळेंच. गुळानें पाणी असें धरून ठेवलेलें असतें कीं कुजविणाऱ्या जंतूंस तें मिळत नाहीं. मुरंबा टिकतो त्याचें कारण हेंच.

आतां कढईंत काय घडतें तें पाहा. उष्णतेनें गुळाचा पाक पातळ होतो, पाण्याची वाफ होते, आणि त्याच वेळीं तांदळाचें सत्त्व शिजून घट्ट होऊं लागतें. वाफ वर निसटतांना जीं भोंकें पाडते तीच जाळी. सत्त्व वेळेवर घट्ट झालें तर जाळी जागच्या जागीं गोठते. गूळ किंवा ओल प्रमाणाबाहेर असेल, तर सत्त्व सांवरण्यापूर्वींच पाक वाहूं लागतो व पिठाचे कण सुटे होतात. हेंच हसणें. उलट ओल फारच कमी असेल तर वाफही नाहीं व जाळीही नाहीं. खसखशीची बाजू वर कां, याचेंही उत्तर मिळालें. ती तळाशीं गेली तर अनारसा होण्यापूर्वींच करपेल.

इतकें शास्त्र हातीं आलें तरी अनारसा हातीं आला नव्हता. कारण ‘बरोबरीनें’ म्हणजे किती, हें कोणत्याही पुस्तकांत नव्हतें.

२०२० सालीं आश्विन अधिक आला तो महामारीच्या दिवसांत. जावई येणें शक्य नव्हतें. पण मातोश्रींनीं तांदूळ भिजत घातलाच. पुण्याच्या आमच्या आत्याबाई दूरध्वनीच्या पडद्यावर पाहत बसल्या होत्या. आम्हीं चाळलेलें पीठ वाटींत अलगद भरलें, आणि मग त्याच वाटींत किसलेला गूळ अंगठ्यानें दाबून भरूं लागलों. इतक्यांत पडद्यावरून ओरड आली, “अरे, अरे! गूळ असा ठासतोस काय? आई पीठ दाबून भरी आणि गूळ मोकळा, भुरभुरता. फुलपात्रें दोन, पण हात वेगळा!”

आम्ही थक्क झालों. लगेच तराजू आणून वजन केलें. सैल पिठाची वाटी ९० ग्रॅम भरली व ठासलेल्या गुळाची १६०. म्हणजे ‘बरोबरीनें’ म्हणतां म्हणतां आम्ही पिठाच्या पावणेदोनपट गूळ घालीत होतों! आत्याबाईंच्या सांगण्याप्रमाणें उलट हातानें भरून पाहिलें तेव्हां ५०० ग्रॅम ओलसर पिठास सुमारें ४०० ग्रॅम गूळ पडला. तांदूळ केव्हां उचलावा हेंही त्यांनींच सांगितलें. पसरलेल्या तांदळावर तळहात टेकवावा. दाणे हातास चिकटले तर अजून अवकाश आहे. चिकटले नाहींत पण हातास गार लागले, तर त्याच क्षणीं उचलावे. आजीचें प्रमाण वहींत नव्हतें, तें आत्याबाईंच्या डोळ्यांत राहिलें होतें. त्या लहानपणीं परकर सांवरून उखळाजवळ बसत. त्यांना खसखस निवडावयास कोणी बसविलें नव्हतें.

त्या वर्षींचे अनारसे हसले नाहींत व गंभीरही राहिले नाहींत. पहिला अनारसा मातोश्रींनीं खिडकीपाशीं नेऊन उजेडाकडे धरला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

पुढें चौकशी करतां असें दिसून आलें कीं, हा पदार्थ आपल्या एकट्या महाराष्ट्राचा नाहीं. बिहारांत गयेचा अनरसा नांवाजलेला आहे, त्यास तीळ लावतात. तेलुगु प्रांतीं अरिसेलु, तमिळ प्रांतीं अधिरसम्, कर्नाटकांत कज्जाय, ओडिशांत आरिसा पिठा, गढवालांत अरसा. भिजविलेला तांदूळ आणि गूळ सर्वत्र तेच. त्या त्या ठिकाणीं तो बिघडला म्हणजे हसतो कीं आणखी कांहीं करतो, हें तेथील विद्यार्थ्यांनीं आम्हांस कळविल्यास आम्ही आभारी होऊं.

२०२३ सालीं श्रावण अधिक होता. तेहतीस अनारसे तबकांत रचून, वर दिवा ठेवून, जांवईबापूंस दिले. आठ वर्षांची थकबाकी एकदांची फिटली. आमची पुतणी त्या वेळीं नववींत होती. तिनें आजीच्या जुन्या ओळीखालीं नव्या शाईनें वजनें लिहिलीं, तळहाताची खूण लिहिली. मग तिनें विचारलें, “तूप किती तापलेलें असावें?” आत्याबाईंनीं पिठाचा मुगाएवढा कण तुपांत टाकला. तो तळाशीं गेला, क्षणभर थांबला आणि सावकाश वर आला. “एवढें,” त्या म्हणाल्या. पुतणीनें वहींत तेवढी जागा कोरी सोडली आणि कढईपाशीं जाऊन दुसरा कण टाकला.