बर्ड फ्लूच्या विषाणूची जनुकरचना आणि आपल्याकडे येणारा रुग्ण

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात बिघडलेल्या देशाच्या लक्षणांमध्ये भ्रांत व व्यथित पशुपक्ष्यांच्या समूहांचा उल्लेख येतो. दूषित जल जलचर पक्षी सोडून जातात, असेही तेथे म्हटले आहे. पक्ष्यांवरून गावाचे आरोग्य ओळखण्याची दृष्टी वैद्यांना नवी नाही. मात्र पक्ष्यांचा रोग माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे कळण्यासाठी विषाणूच्या जनुकांकडे वळावे लागते. २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याच वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातील खेर्डा येथे हा रोग कोंबड्यांमध्ये आढळला; तेव्हा मालेगावच्या वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी हा विषय दूरचा मानू नये.

हा इन्फ्लुएन्झा 'ए' गटाचा विषाणू. त्याचे आनुवंशिक द्रव्य आरएनए असून ते एकसंध नसते, आठ वेगळ्या तुकड्यांत असते. आवरणावरील हिमॅग्लुटिनिन (एच) व न्यूरामिनिडेज (एन) या दोन प्रथिनांवरून एच५एन१, एच९एन२ अशी नावे पडतात. 'एच' पेशीला चिकटते, 'एन' नव्या विषाणूंना पेशीपासून सोडविते.

विषाणूला पेशीत शिरण्यासाठी 'एच' प्रथिन एका ठिकाणी तुटावे लागते. सौम्य प्रकारात ते तोडणारी विकरे मुख्यतः श्वसनमार्ग व आतड्यातच असतात, म्हणून रोग तेथेच राहतो. उग्र एच५ व एच७ प्रकारांत त्या जागी आर्जिनिन, लायसिन यांसारखी काही अमिनो आम्ले अधिक असतात. मग शरीरात सर्वत्र असणारे फ्युरिन हे विकरही ते तोडू शकते आणि कोंबडी एक-दोन दिवसांत मरते. एवढ्याशा फरकाने केवढा अनर्थ होतो!

आरएनएची नक्कल होताना चुका दुरुस्त होत नाहीत, त्यामुळे लहान बदल सतत साचतात. एकाच पेशीत दोन प्रकारचे विषाणू शिरले तर आठ तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच प्रकार जन्मतो. १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ जणांना बाधा होऊन ६ जण दगावले. त्या एच५एन१ चे अंतर्गत जनुक एच९एन२ च्या जनुकांशी जुळणारे होते. म्हणूनच सौम्य एच९एन२ आम्हांस दुर्लक्षणीय वाटत नाही. २०१९ साली आपल्या शेजारच्या मेळघाटात १७ महिन्यांच्या बालकात तो आढळला. मानवातील भारतातील ही पहिली नोंद. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झाले. बालक बरे झाले. श्वसनरोगाच्या सर्वेक्षणात नमुना घेतला गेला नसता, तर तो साधा ताप-खोकलाच ठरला असता.

महाराष्ट्रात एच५एन१ प्रथम नवापूर (जि. नंदुरबार) येथे आढळला, १८ फेब्रुवारी २००६ रोजी निदान जाहीर झाले. देशातीलही तो पहिलाच उद्रेक. जानेवारी २०२१ मध्ये परभणीतील मुरुंबा येथे कोंबड्या मेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या याच विषाणूने दगावले. पक्ष्यांची विष्ठा, पिंजरे, वाहने, पादत्राणे यांतून विषाणू पसरतो. माणसाच्या वरच्या श्वसनमार्गात त्याला चिकटण्याजोगी स्थाने थोडी, खोल फुफ्फुसात अधिक. म्हणून बाधा क्वचित होते, पण झाली तर गंभीर असते. २००३ पासून नोंदल्या गेलेल्या सुमारे हजार एच५एन१ रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले आहेत.

वैद्यबंधूंना आमचे सांगणे एवढेच, की ज्वर, कास व श्वास घेऊन येणाऱ्या रुग्णास 'गेल्या दहा दिवसांत आजारी वा मेलेल्या कोंबड्या हाताळल्या काय?' हे विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास मुखपट्टी बांधून त्याला विनाविलंब जिल्हा रुग्णालयात पाठवावे व आरोग्य खात्यास कळवावे. विषाणुरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक उपयोगी पडते. हे तास आपल्या काढ्यांच्या प्रयोगात घालवू नयेत. औषधविक्रेत्यांनीही 'बर्ड फ्लूवर रामबाण' अशी पाटी लावून कोणतेही चूर्ण विकू नये. तसा पुरावा कोणत्याही कल्पाला नाही. चिकनविषयी ग्राहक विचारतीलच. ७० अंश सेल्सिअसवर आतपर्यंत शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. धोका कच्चे मांस व आजारी पक्षी हाताळण्यात आहे.