कवाम : उन्हाळ्याचे वीजबिल आणि खर्चाची मधली वाट

सूरह फुरकानच्या अखेरच्या भागात रहमानच्या दासांची लक्षणे सांगितली आहेत. ते जमिनीवर नम्रपणे चालतात, अज्ञानी लोकांनी वाद घातला तर सलाम करून बाजूला होतात, रात्रीचा वेळ आपल्या पालनकर्त्यासमोर सजद्यात आणि उभे राहून घालवतात, आणि जहन्नमच्या यातनेपासून वाचवण्याची प्रार्थना करतात. एवढे सांगून झाल्यावर ६७व्या आयतीत विषय घरखर्चाकडे वळतो. त्यानंतरची आयत शिर्क, हत्या आणि व्यभिचार यांविषयी आहे. रात्रीची नमाज आणि महापातके यांच्या मधोमध खर्चाचा उल्लेख यावा, ही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे. आपण ज्याला व्यवहार म्हणून बाजूला ठेवतो, तो अल्लाहने दासांच्या चारित्र्याच्या यादीत घातला आहे.

या आयतीत तीन शब्द येतात. पहिला इसराफ, म्हणजे हद्द ओलांडणे. दुसरा शब्द ‘कतर’ या धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ हात आखडणे, ज्यांचा हक्क आहे त्यांनाही न देणे. तिसरा कवाम, म्हणजे या दोहोंच्या मध्ये सरळ, तोलून उभे असलेले. रहमानचे दास खर्च करताना पहिल्या दोन्हींपासून दूर राहतात आणि कवामवर चालतात. मे महिन्याचे वीजबिल हातात येते तेव्हा हे तिन्ही शब्द आपल्या घरात कुठे कुठे आहेत, ते पाहू या.

पुण्याचा उन्हाळा आता पूर्वीसारखा सौम्य राहिलेला नाही. एप्रिल २०१९च्या अखेरीस शहराचा पारा ४३ अंशांवर गेला होता. कासेवाडी किंवा लोहियानगरातल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी बसणे म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. कोंढव्यातल्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या सदनिकेच्या भिंतीही रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. पंखे थांबत नाहीत, कूलर लागतो, ऐपत असेल तिथे एसी लागतो, आणि बिल दुप्पट होते. त्यावर अनेकांना त्याच सुमारास सुरक्षा ठेवीच्या फरकाचे वेगळे बिलही येते.

बिल वाचायला शिकावे

तक्रार करण्यापूर्वी बिल समजून घेणे इष्ट. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. २०२४-२५ या आर्थिक वर्षात पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ४.७१ रुपये, १०१ ते ३०० पर्यंत १०.२९ रुपये आणि ३०१ ते ५०० पर्यंत १४.५५ रुपये असा दर होता. शिवाय प्रत्येक युनिटामागे १.१७ रुपये वहन आकार, दरमहा स्थिर आकार आणि या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू दर आपल्या बिलावर पाहून घ्यावेत.

पुष्कळांची समजूत अशी असते की, एकदा ३०० युनिटांचा आकडा ओलांडला की सगळीच युनिटे महाग दराने लागतात. तसे नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. परंतु याचाच अर्थ असा की, महिन्यातली शेवटची युनिटे सर्वांत महाग असतात. वरील दराने ३४० युनिटांवरून ३०० वर आलेल्या घराची बचत शुल्क धरून जवळजवळ सव्वासातशे रुपये होते. पहिल्या टप्प्यातल्या तेवढ्याच ४० युनिटांची किंमत पावणेतीनशेच्या आत असते. निष्काळजीपणाने जळणारी वीज नेमकी याच महागड्या टोकाला जाऊन बसते.

एक युनिट म्हणजे हजार वॅटचे उपकरण एक तास चालणे. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. असे तीन पंखे रोज सोळा तास फिरले तर महिन्याला १०८ युनिटे होतात, म्हणजे पहिला स्वस्त टप्पा पंख्यांतच संपला. बीएलडीसी प्रकारचा पंखा साधारण ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. दीड टनाच्या एसीचा काँप्रेसर चालू असताना तासाला दीड युनिटाच्या आसपास वीज जाते.

सर्वांत सोपा उपाय वहीचा आहे. दर शुक्रवारी जुमाच्या नमाजनंतर मीटरवरचा आकडा घरातल्या एखाद्या मुलाने वहीत लिहावा आणि मागच्या शुक्रवारचा आकडा त्यातून वजा करावा. आत्मपरीक्षणाला आपण मुहासबा म्हणतो. मुलांना तो शब्द शिकवायचा असेल तर ही वही उत्तम पाठ्यपुस्तक आहे. शिवाय महिनाअखेरीची अचानक धडक टळते.

इसराफ कशाला म्हणावे

गरमीत पंखा लावणे हा इसराफ नव्हे, एसी लावणेही नव्हे. सूरह आअराफच्या ३१व्या आयतीत खाण्यापिण्याची परवानगी देऊन मग मर्यादेची ताकीद आली आहे, आणि पुढच्याच आयतीत अल्लाहने दासांसाठी निर्माण केलेली शोभा व शुद्ध वस्तू कोणी निषिद्ध ठरवल्या, असा प्रश्न विचारला आहे. इसराफ आहे तो रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा, पांघरूण घेऊन झोपावे लागेल इतका थंड केलेला एसी, दिवसभर कोणी पाहत नसलेला टीव्ही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने एसी २४ अंशांवर ठेवण्याचा सल्ला दिला आहे आणि एक अंश वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे सांगितले आहे. अठरा अंश आणि रजई हे दृश्य आता आपल्या घरांतही दिसते. त्याला दुसरे नाव देता येत नाही.

रात्री झोपताना दिवे विझवावेत, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचे कारण तिथे आग लागण्याचे भय हे सांगितले आहे, बिलाची बचत नव्हे. ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण झोपण्यापूर्वी घरातून एक फेरी मारून प्रत्येक बटण पाहण्याची सवय या सुन्नतीतूनच सहज लागते.

मशिदीविषयी एक शब्द. मशिदीचे बिल देणग्यांतून भरले जाते आणि त्यात रोजंदारीवाल्याचे दहा रुपयेही असतात. पहिल्या सफेत पाच माणसे असताना सभागृहातले सर्व पंखे चालू ठेवणे, ही अमानतीतली उधळपट्टी आहे. हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्याविषयी सांगितले जाते की, खासगी बोलणे सुरू होताच ते सरकारी तेलाचा दिवा विझवीत. व्यवस्थापन समित्यांनी सफांनुसार पंख्यांची बटणे वेगळी करून घेतली तरी पुष्कळ साधेल.

हात आखडणेही गुन्हाच

बचतीची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. बिल वाढले की घरातला कर्ता पुरुष चिडतो आणि पहिला घाव पडतो तो जे दिवसभर घरी असतात त्यांच्यावर. दुकानात किंवा कचेरीत थंड हवेत आठ तास बसणाऱ्याने, घरी आई दुपारी कूलर लावते म्हणून तिला बोल लावावेत, हा सरळसरळ दुसऱ्या शब्दाखाली येणारा अपराध आहे. वृद्ध, तान्ही मुले, गर्भवती आणि आजारी माणसे यांच्यासाठी उष्माघात जिवावरचा धोका असतो. कुटुंबाचा योग्य निर्वाह ही पतीवरील अनिवार्य जबाबदारी आहे. हजरत हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांनी पती पुरेसे देत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा रूढ रीतीने स्वतःला व मुलांना पुरेल इतके त्यांच्या संपत्तीतून घेण्याची परवानगी प्रेषितांनी (स.) दिली होती. बुखारी शरीफमध्ये ही घटना आहे.

म्हणून काटकसर कुठून सुरू करायची, हे कर्त्याने स्वतःपासून ठरवावे. बैठकीच्या खोलीत पाहुण्यांसाठी एसी आहे आणि स्वयंपाकघरात धूर व वाफ बाहेर टाकणारा पंखादेखील नाही, अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. माझ्या मते नवा पंखा घ्यायचा असेल तर तो आधी स्वयंपाकघरात लागावा.

उष्णतेशी वागण्याची सुन्नत

मदीना हे वाळवंटी प्रदेशातले शहर. तिथल्या उन्हाळ्यात प्रेषित (स.) व सहाबा कसे राहत, याची काही चित्रे हदीसमध्ये जपली आहेत. हजरत अबू जर (रजि.) सांगतात की, एका प्रवासात मुअज्जिनने जोहरची अजान द्यावयाचे ठरवले, तेव्हा प्रेषितांनी (स.) थंडावा येऊ द्या असे सांगून त्यांना पुन्हा पुन्हा थांबवले, इतके की टेकड्यांच्या सावल्या दिसू लागल्या. उपासनेची वेळही उष्णता पाहून तिच्या मुदतीच्या आत मागे सरकवता येते, तर आपली इस्त्री, धुणे आणि बाजार का नाही? दुपारचे विसाव्याचे झोपणे, ज्याला कैलूला म्हणतात, तीही सहाबांची नित्याची रीत होती. उन्हाची कामे पहाटे फजरनंतर उरकावीत आणि दुपारी पडदे ओढून अंग टेकावे.

दुसरे चित्र पाण्याचे आहे. एका उष्ण दिवशी प्रेषित (स.) एका अन्सारी सहाबींच्या बागेत गेले आणि मशकीत रात्रभर ठेवलेले पाणी आहे का, असे त्यांनी विचारले. कातडी मशकीतून पाणी किंचित पाझरते, त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार होते. आपला माठही हेच करतो, एक पैसाही न घेता. कूलरचे तत्त्वही तेच. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा कोरडी असते, त्यामुळे इथे कूलर चांगले काम देतो; मुंबईच्या दमट हवेत तो तितका उपयोगी पडत नाही. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडणे, गच्चीला किंवा पत्र्याला पांढरा चुना देणे, हे जुने उपाय आजही खर्चाच्या मानाने फार मोठा आराम देतात.

चोरीची वीज आणि आपली नमाज

आता कडू विषय. तारेवर आकडा टाकणे, मीटरमध्ये फेरफार करणे, शेजारच्या जोडणीतून न सांगता वायर ओढणे, या गोष्टी प्रत्येक समाजात होतात, आपल्यातही होतात. त्यासाठी सबबीही तयार असतात. दर अन्यायाचे आहेत, सरकार आपले नाही, सगळेच करतात. सूरह माइदाची आठवी आयत या सबबींना जागा ठेवत नाही. एखाद्या समूहाविषयीचा रागसुद्धा न्याय सोडण्याचे कारण होऊ नये, असा तिचा आदेश आहे. वीज कायदा २००३च्या कलम १३५ नुसार हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे, ते वेगळेच. शिवाय वीजगळतीचा काही भाग दर ठरवताना हिशेबात धरला जातो, म्हणजे त्या आकड्याची किंमत शेजारची प्रामाणिक विधवाही आपल्या बिलातून भरते. ज्या दिव्याखाली आपण मुलांना कुरआन शिकवतो, तो दिवा चोरीच्या विजेवर जळत असेल तर त्या शिकवण्याचे काय? ज्याच्याकडून पूर्वी असे घडले असेल त्याची तौबा केवळ जिभेने पुरी होत नाही. देणे फेडावे लागते.

बिल खरोखरच चुकीचे असेल तर मार्ग बंद नाहीत. मीटर तपासणीचा अर्ज करता येतो, महावितरणकडे लेखी तक्रार करता येते, त्यानंतर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. हक्क मागणे आणि हक्क लुबाडणे यांत हाच फरक आहे.

घरमालक बांधवांनीही सूरह मुतफ्फिफीनच्या पहिल्या तीन आयती पुन्हा वाचाव्यात. स्वतः घेताना माप पुरे घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांचा तिथे नाश सांगितला आहे. एका मीटरवर चार भाडेकरू, प्रत्येकाचे पोटमीटर, आणि मालक सर्वांकडून सर्वांत वरच्या टप्प्याचा दर घेतो, ही त्याच मापाची आजची आवृत्ती आहे. मूळ बिल भाडेकरूंना दाखवावे आणि पोटमीटरच्या प्रमाणात वाटून घ्यावे.

सुरक्षा ठेवीवर वर्षाला व्याज मिळते आणि ते बिलात वजा होऊन येते. अनेक कुटुंबे याविषयी विचारतात. बँकेच्या व्याजाबाबत बहुतेक आलिम सांगतात तीच रीत इथेही सावधपणाची आहे: तेवढी रक्कम पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन टाकावी. शंका असल्यास आपल्या विश्वासातील आलिमांना बिल दाखवून विचारावे.

शेजाऱ्याचा वाटा

सूरह माऊनच्या शेवटच्या आयतीत, दिखाव्याची नमाज पढणाऱ्यांचे एक लक्षण असे सांगितले आहे की, ते नेहमीच्या वापरातल्या क्षुल्लक वस्तूही इतरांना देत नाहीत. आजच्या वस्तीत माऊन काय असेल? बिल थकल्याने ज्याची वीज तोडली गेली, त्या मधुमेही शेजाऱ्याचे इन्सुलिन आपल्या फ्रीजमध्ये ठेवणे. दारात पाण्याचा माठ भरून ठेवणे. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी आईच्या नावाने कोणते दान उत्तम, असे विचारले असता प्रेषितांनी (स.) पाणी सांगितले होते.

याहून थोडे मोठे काम मोहल्ल्यात होऊ शकते. तीन हजारांच्या आसपासचा बीएलडीसी पंखा पत्र्याच्या खोलीतल्या कुटुंबाला एकदम घेता येत नाही, आणि हप्त्यांवर घेतला तर व्याज येते. मशिदीच्या बैतुलमालमधून त्यासाठी कर्जे हसना द्यावे. रोज सोळा तास चालणाऱ्या अशा एका पंख्याने महिन्याला सुमारे एकवीस युनिटे वाचतात. दुसऱ्या टप्प्यात वापर असलेल्या घराला वरील दराने ती बचत पावणेतीनशेहून अधिक होते, म्हणून अडीचशेचा मासिक हप्ता त्या घराला जड जाणार नाही आणि वर्षभरात ती रक्कम पुढच्या घरासाठी मोकळी होईल. यादी रमजानमध्ये फितऱ्याच्या वेळी होतेच. तीच वही काढून पत्र्याच्या खोल्यांवर खूण करावी, म्हणजे मार्च उजाडण्यापूर्वी नावे तयार असतील.