फोटो गिरवला म्हणजे निसर्ग आला का?

प्रश्न : मी टॅब्लेटवर चित्रं काढते. पावसात तो बाहेर नेता येत नाही, म्हणून नेटवरचे निसर्गाचे फोटो गिरवते. डिजिटल चित्रकाराला एवढं पुरतं ना?
– एक वाचक, लोणावळा

उत्तर : गिरवल्याने हात बसतो, त्यात कमीपणा नाही. पण टॅब्लेट घरातच वापरायचा, हा गैरसमज सोडा. चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २०११ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, इंग्लंडमधल्या वोल्डगेटचा वसंत आयपॅडवर रेखाटला.

तुमच्याकडे तर राजमाचीच्या वाटेवर कारवीची झाडी आहे. कारवीचं पान हातात घ्या : दातेरी कड, ठसठशीत शिरा, खरखरीत पृष्ठभाग. फोटोत ते नुसतं हिरवं दिसतं. भाजे लेण्यांतल्या विहारात हत्तीने सोंडेने उपटलेलं झाड कोरलंय, तेही निरखून पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराची नजर थक्क करते!

पावसाची अडचण मात्र खरी : ओल्या स्क्रीनवर थेंबही बोटासारखे उमटतात. म्हणून पावसात पेन्सिल आणि छोटी वही न्या, रंगांची नोंद करा, रंगवा घरी येऊन. धबधब्याच्या निसरड्या कडेवर मात्र बसू नका.

दुसऱ्याचा फोटो गिरवून केलेलं चित्र विकायचं असेल, तर आधी त्याची परवानगी घ्या. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा छपाईत मलूल होतो, तेव्हा आधी एक नमुना छापून बघा.